खांब नसलेला हॉल

गेल्या सेमिस्टरला माझं कैचीचं शीट सरांनी दोनदा परत केलं. कैची म्हणजे आपला ट्रस. वैतागून लायब्ररीत बसलो होतो, तिथे मॉस्कोचं मानेझ सापडलं.

मानेझ म्हणजे घोडेस्वारीचा बंदिस्त हॉल. नेपोलियनवरच्या विजयाला पाच वर्षं झाली म्हणून १८१७ मध्ये क्रेमलिनशेजारी तो बांधला गेला. बाहेर बर्फ असलं तरी आत घोडदौड आणि कवायत चालली पाहिजे, हा हेतू. धावत्या घोड्यासमोर खांब आला तर काय होईल ते सांगायला नको! म्हणून मूळ बांधकामात सुमारे ४५ मीटर रुंदीत मध्ये एकही खांब नव्हता.

आता गणित बघा. दोन्ही टोकांना नुसती टेकलेली तुळई आणि तिच्यावर सगळीकडे सारखं वजन असेल, तर बेंडिंग मोमेंट स्पॅनच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मधोमध खांबांची एक रांग दिली असती तर स्पॅन निम्मा आणि मोमेंट पाव झाला असता. पण घोड्यांसाठी ती सोय सोडावी लागली. स्पॅनिश इंजिनिअर अगुस्तिन दे बेतांकूर याने लार्चच्या लाकडाच्या ३० कैच्या टाकून हे छत पेललं. बाहेरची सजावट ओसिप बोवे याने १८२५ मध्ये केली.

पण गोष्ट इथे संपत नाही. काही वर्षांतच उन्हाळ्याच्या उष्णतेने कैच्यांचं नुकसान झालं. १८२४ पर्यंत दुरुस्ती करून कैच्या ४५ केल्या. लांबी तीच, कैच्या दीडपट, म्हणजे प्रत्येकीवरचा भार दोन तृतीयांश. साधं त्रैराशिक! बेतांकूर कोण होता? माद्रिदला इंजिनिअरिंगची शाळा काढणारा माणूस. त्याचंही शीट परत आलंच की!

१९५७ पासून इथे प्रदर्शनं भरू लागली. १४ मार्च २००४ ला आग लागून छत कोसळलं आणि दोन अग्निशामक जवान गेले. भिंती उभ्या राहिल्या. २००५ मध्ये नव्या लाकडी कैच्यांसह इमारत पुन्हा उघडली.

ते दोन जवान वाचल्यापासून माझ्या शीटवरची प्रत्येक रेघ मला जड वाटते. तिसऱ्यांदा शीट काढलं, ते सरांची सही मिळावी म्हणून नाही. त्या छताखाली कुणीतरी उभं असणार आहे, म्हणून.