रॅचेटच्या पेचकसाची निवड
(कार्यानुभव व सामान्य विज्ञान : इयत्ता सातवीसाठी पाठ-टिपण)

खेड्यातील शाळेत कपाटाची बिजागरी सैल होते, बाकाची फळी हलू लागते, फळ्याची चौकट भिंतीपासून सुटू पाहते. ही दुरुस्ती बहुधा एक-दोन स्क्रू आवळण्याइतकीच लहान असते. परंतु पेचकस, म्हणजे कारागीर ज्याला स्क्रू-ड्रायव्हर म्हणतात ते हत्यार, शाळेत एकतर नसते किंवा असलेच तर टोक झिजलेले असते. मग कोणी सुरीचे टोक, कोणी कात्री, तर कोणी जुनी किल्ली स्क्रूच्या खाचेत घालून पाहतो. खाच मरते, स्क्रू जागच्या जागी अडकून बसतो आणि पाच मिनिटांच्या कामासाठी सुताराची वाट पाहावी लागते. तोपर्यंत मुले त्याच हलत्या बाकावर बसतात व एखाद्याचे बोट फळीच्या फटीत चिमटते.

सादिलाची रक्कम थोडी आणि हत्याराचे दुकान तालुक्याच्या गावी, अशी पुष्कळ शाळांची स्थिती असते. एकदा घेतलेले हत्यार पुढे कित्येक वर्षे वापरावे लागते. खरेदी फसली तर दुसरी लवकर होत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वीच हत्याराची परीक्षा करता आली पाहिजे. ही परीक्षा विद्यार्थ्यांसमवेत केल्यास तीतून विज्ञान, गणित व हस्तकौशल्य या तिन्हींचा एक उत्तम पाठ तयार होतो.

पाठाचे उद्देश

(१) रॅचेटची रचना व कार्य विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहून समजावे. (२) हत्याराचा चांगलेपणा देखाव्यावरून न ठरविता परीक्षेने ठरविण्याची सवय लागावी. (३) शाळेतील लहान दुरुस्ती विद्यार्थ्यांना सुरक्षितपणे करता यावी.

साहित्य

एक सायकल, साधा पेचकस, रॅचेटचा पेचकस, मऊ लाकडाचा ठोकळा, लोखंडी व पितळी स्क्रू, सामता, कोनमापक, साबणाचा तुकडा. शाळेत रॅचेटचा पेचकस नसल्यास गावातील विद्युत् कारागिराकडून किंवा मोटार-सायकल दुरुस्त करणाऱ्याकडून तासापुरता मागून आणावा.

विषयप्रवेश

शिक्षकांनी वर्गासमोर सायकल उलटी उभी करावी व एका विद्यार्थ्यास पायडल पुढे फिरविण्यास सांगावे. मागचे चाक फिरू लागते. आता पायडल उलट फिरविण्यास सांगावे. चाक उलटे फिरत नाही; फ्रीव्हीलमधून केवळ ‘टक्-टक्’ असा आवाज येतो. हा आवाज कशाचा, असे विचारावे व विद्यार्थ्यांना तर्क करू द्यावा.

फ्रीव्हीलच्या आत तिरक्या दातांचे एक कडे असते आणि स्प्रिंगने दाबून धरलेल्या खिट्या असतात. एका दिशेने फिरविताना खिटी दाताच्या उभ्या बाजूस अडते व सारे चाक ओढले जाते. उलट दिशेने फिरविताना तीच खिटी दाताच्या उतरणीवरून घसरते व पुढील खाचेत टक् करून पडते. दातेरी चक्र, खिटी आणि स्प्रिंग या तिघांच्या जोडणीस रॅचेट म्हणतात. व्हॉलीबॉलची जाळी ताणण्याच्या खांबावरही कोठे कोठे हीच योजना असते. म्हणूनच ताणलेली दोरी हात सोडला तरी सुटत नाही.

विवेचन

रॅचेटच्या पेचकसात हीच योजना मुठीच्या आत बसविलेली असते. साध्या पेचकसाने स्क्रू पिळताना मनगट वळेल तेवढे वळवावे लागते, मग पकड सोडून हात मागे आणावा लागतो व पुन्हा पकड घ्यावी लागते. दर वेळी टोक खाचेतून निसटण्याची भीती असते. रॅचेटच्या हत्यारात हात मागे आणताना मूठ तेवढी फिरते आणि टोक खाचेत स्थिर राहते. मुठीजवळील कडे किंवा खटका फिरवून तीन स्थिती मिळतात : आवळणे, सोडविणे आणि दोन्हीकडून अडविणे. तिसऱ्या स्थितीत हत्यार साध्या पेचकसाप्रमाणे चालते.

येथे एक गैरसमज दूर करावा. रॅचेटमुळे हाताचे बळ वाढत नाही. केवळ पकड बदलण्याचा त्रास वाचतो. पिळण्याचे बळ वाढते ते जाड मुठीमुळे. चाक आणि आस या साध्या यंत्राचा हा दाखला होय. २४ मिलिमीटर व्यासाच्या मुठीऐवजी ३२ मिलिमीटर व्यासाची मूठ घेतल्यास तेवढ्याच जोराने पिळण्याचे बळ ३ : ४ या प्रमाणात वाढते. मात्र लहान मुलांच्या पंजात न मावणारी मूठ त्यांच्या कामाची नाही, हेही ध्यानी ठेवावे.

अशा हत्याराचा इतिहास थोडक्यात सांगावा. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील नॉर्थ ब्रदर्स या कंपनीचे ‘यँकी’ नावाचे पेचकस एके काळी सुतारांत फार प्रसिद्ध होते. त्यांच्या दांड्यावर नागमोडी खोबणी असे. मूठ खाली दाबली की दांडा आपोआप फिरे. १९४६ साली ही कंपनी स्टॅन्ले कंपनीने घेतली. या जातीच्या ज्या हत्यारांत स्प्रिंग असते त्यांची कळ सोडताच दांडा जोराने बाहेर येतो. म्हणून असे जुने हत्यार मिळाल्यास ते मुलांच्या हाती देऊ नये.

दुकानातील पाच परीक्षा

पहिली परीक्षा टोकाची. आजकाल बहुतेक हत्यारांत टोक, म्हणजे बिट, बदलता येते. बिटाच्या षट्कोनी दांडीची समोरासमोरच्या बाजूंतील रुंदी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, असावी. हे माप सर्वत्र चालते. त्यामुळे एक टोक झिजले तरी संपूर्ण हत्यार टाकून द्यावे लागत नाही. फुलीच्या खाचेची टोके क्रमांकाने ओळखली जातात. घरगुती व शाळेच्या कामात क्रमांक २ सर्वांत अधिक लागतो. लहान स्क्रूंसाठी क्रमांक १ लागतो. चपटे टोक असे असावे की ते खाचेत सैल न होता तळापर्यंत बसेल आणि त्याची रुंदी खाचेच्या लांबीइतकी असेल. फुलीच्या खाचेचा प्रसार अमेरिकेतील पोर्टलंड येथील हेन्री फिलिप्स यांनी १९३६च्या सुमारास केला. या खाचेत टोक आपोआप मध्यभागी बसते, परंतु जोर फार झाला की ते वर चढून निसटते. म्हणून पिळताना हत्यार खाली दाबून धरावे, हा नियम मुलांकडून घटवून घ्यावा.

दुसरी परीक्षा मागील ओढीची. ही सर्वांत महत्त्वाची असून बहुधा हीच केली जात नाही. स्क्रू लाकडात नुकताच धरू लागलेला असतो तेव्हा तो अगदी सैल असतो. अशा वेळी रॅचेटची खिटी जड असेल तर हात मागे नेताना स्क्रूही मागे फिरतो व काम पुढे सरकत नाही. दुकानात टोक दोन बोटांच्या चिमटीत हलकेच धरून मूठ मागे फिरवावी. टोक जागीच राहिले तर रॅचेट हलका आहे असे समजावे. बोटांतून ते फिरू लागले तर हत्यार खाली ठेवावे.

तिसरी परीक्षा टिचक्यांची. मूठ एक पूर्ण फेरा मागे फिरवावी व ऐकू येणाऱ्या टिचक्या मोजाव्यात. ३६० अंशांस या संख्येने भागल्यास एका टिचकीचा कोन मिळतो. १२ टिचक्या असल्यास ३० अंश, २४ असल्यास १५ अंश आणि ३६ असल्यास १० अंश. आता कपाटाच्या कोपऱ्यात मूठ केवळ २० अंशच वळू शकते असे समजावे. १२ टिचक्यांचे हत्यार तेथे मुळीच चालणार नाही, कारण पुढील दात येण्याआधीच हात अडतो. २४ टिचक्यांच्या हत्याराने दर खेपेस १५ अंश पुढे जाता येते व ५ अंश वाया जातात. ३६ टिचक्यांच्या हत्याराने पूर्ण २० अंश मिळतात. विद्यार्थ्यांनी कोनमापकाने हे कागदावर काढून पाहावे. तथापि टिचक्या जितक्या अधिक तितके हत्यार चांगले, असा सरसकट नियम नाही. त्याच आकाराच्या चक्रावर दात वाढले की ते बारीक होतात, आणि बारीक दात हलक्या पोलादाचे असतील तर जोराने मोडतात.

चौथी परीक्षा हालचालीची. टोक बिटाच्या जागेत बसवून बोटाने डावी-उजवीकडे हलवून पाहावे. किंचित हालचाल राहणारच. परंतु टोक लुकलुकत असेल तर खाच मरण्यास वेळ लागणार नाही. खटका अंगठ्याने सहज सरकावा, पण काम करताना आपोआप सरकू नये. टोक धरण्यासाठी लोहचुंबक असल्यास उत्तम. मात्र पितळी स्क्रू त्यास चिकटत नाही, हे वर्गात करून दाखवावे.

पाचवी परीक्षा संचाची. भरमसाट टोके असलेला स्वस्त संच नजरेत भरतो. त्यातील बहुतेक टोके शाळेस कधीच लागत नाहीत, आणि जी लागतात ती मऊ असल्यास पहिल्या महिन्यातच वळतात. सहा चांगली टोके व एक भक्कम मूठ हीच खरी खरेदी होय. हातहत्यारांचे उत्पादन जालंधर, लुधियाना, नागौर व नाशिक येथे मोठ्या प्रमाणावर होते. ही गावे नकाशावर दाखविल्यास भूगोलाचाही संबंध जोडता येईल.

उपयोजन

विद्यार्थ्यांच्या चार-चार जणांच्या तुकड्या कराव्यात. प्रत्येक तुकडीने शाळेतील एकेका खोलीची पाहणी करून सैल स्क्रूंची यादी करावी : जागा, खाचेचा प्रकार, टोकाचा क्रमांक. मग दुरुस्ती हाती घ्यावी. नवा स्क्रू घालण्यापूर्वी सामत्याने बारीक भोक पाडावे व आट्यांना साबण चोळावा. त्यामुळे स्क्रू सुखाने आत जातो व लाकूड फाटत नाही. जुने भोक मोठे झाले असल्यास त्यात सरस लावलेल्या लाकडाच्या बारीक काड्या बसवाव्यात, सरस वाळू द्यावा व मग स्क्रू पिळावा. घट्ट बसलेला जुना स्क्रू प्रथम साध्या भक्कम पेचकसाने हलवावा आणि तो सैल झाल्यावर रॅचेट वापरावा. रॅचेटवर असा जोर टाकल्यास खिटी तुटते. म्हणून नवे हत्यार आले तरी जुना साधा पेचकस टाकून देऊ नये.

हत्यार बहुधा वर्गातील एखाद्या धीट मुलाच्याच हाती राहते, असा अनुभव येतो. शिक्षकांनी पाळी लावावी, आणि मुलींनाही मुलांइतकीच पाळी मिळते हे कटाक्षाने पाहावे. ज्या मुलीने शाळेची बिजागरी बसविली ती घरचीही बसवील.

सुरक्षितता व निगा

डाव्या हातात वस्तू धरून तिच्यावर पेचकस चालवू नये. टोक निसटले तर सरळ तळहातात शिरते. वस्तू बाकावर टेकवून काम करावे. मुठीवर प्लॅस्टिक आहे एवढ्यावरून हत्यार विजेपासून रक्षण करते असे मुळीच समजू नये. विजेच्या कामाच्या खास पेचकसांवर दुहेरी त्रिकोण व १००० व्होल्ट अशी खूण असते आणि त्यांचा दांडाही आवरणाने झाकलेला असतो. घराघरांतील वीज २३० व्होल्टची असते व ती प्राणघातक ठरू शकते. म्हणून बटनाच्या किंवा पंख्याच्या कामास विद्यार्थ्यांना हात लावू देऊ नये.

हत्यार ओले ठेवू नये. सहा महिन्यांतून एकदा रॅचेटच्या सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. मूठ उघडून आतील भाग काढू नयेत. स्प्रिंग उडून हरवते. पेचकसाचा उपयोग छिन्नी किंवा पहारीसारखा करू नये. खरेदी होताच जडसंग्रह नोंदवहीत टोकांच्या संख्येसह नोंद करावी व आठवड्यास एका विद्यार्थ्याकडे टोके मोजून ठेवण्याचे काम द्यावे.

स्वाध्याय

१. एका रॅचेटच्या पूर्ण फेऱ्यात ७२ टिचक्या पडतात. एका टिचकीचा कोन किती अंशांचा? १२ अंशच जागा असल्यास दर खेपेस किती अंश पुढे जाता येईल?
२. एक स्क्रू पूर्ण बसण्यास १२ फेरे लागतात. मनगट दर खेपेस ९० अंश वळते. एकूण किती खेपा लागतील? त्यांपैकी साध्या पेचकसाची पकड किती वेळा बदलावी लागेल?
३. सायकलचे फ्रीव्हील व पेचकसातील रॅचेट यांत साम्य कोणते व भेद कोणता?
४. घरातील पाच स्क्रू पाहून त्यांच्या खाचांच्या आकृती काढा व प्रत्येकास कोणते टोक लागेल ते लिहा.

पाठ संपल्यावर शाळेतील एक तरी सैल बाक विद्यार्थ्यांच्या हातून घट्ट झालेला असावा. त्या बाकावर दुसऱ्या दिवशी पहिलीतील मूल निर्धास्तपणे बसू शकले, म्हणजे पाठ साधला असे समजण्यास हरकत नाही.