कंपनीत पाना सापडतो, घरी किल्ली का नाही?

प्रश्न : चाकणला एका कंपनीत मी फिटर आहे. तिथे एकही पाना शोधावा लागत नाही. घरी मात्र गाडीची किल्ली, चष्मा, आयकार्ड यांची रोज शोधाशोध! फर्स्ट शिफ्टची बस चुकायची वेळ येते. बायको म्हणते, बदाम खा. माझी स्मरणशक्ती कमी होतेय का?
– एक वाचक, चऱ्होली बुद्रुक

उत्तर : डोकं एकच, हातही तेच, मग घरीच असं का, हा तुमचा पेच. बदाम जरूर खा, पण किल्लीचा दोष स्मरणशक्तीला देऊ नका.

ठेवलेली जागा आपण विसरलो, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा ती लक्षात गेलेलीच नसते. घरात शिरताना एका हातात भाजीची पिशवी, कानाला मोबाइल. किल्ली हातातून कुठेतरी आपसूक ठेवली जाते. तिकडे लक्ष नसतं, म्हणून नोंद होत नाही. आणि जे नोंदलंच नाही, ते आठवणार कुठून? त्यात काल फ्रिजवर, परवा टीव्हीजवळ ठेवलेली असते. या एकसारख्या आठवणींची सरमिसळ होते. शिफ्ट बदलून झोप अपुरी झाली, की लक्ष आणखी उडतं.

कंपनीत काय होतं? कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या ‘फाइव्ह एस’ पद्धतीतला दुसरा एस, ‘सेइटॉन’, म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा. शॅडो बोर्डवर पान्याची आकृती रंगवलेली असते; ती रिकामी दिसली, की पाना परत आलेला नाही हे कुणालाही कळतं. तिथे आठवण ठेवण्याचं काम बोर्ड करतो.

तेच घरी करा. दाराशी किल्लीसाठी एक खिळा ठोका, शेजारी आयकार्डासाठी दुसरा. नियम मात्र घरातल्या सगळ्यांनी पाळायचा.

तरीही काखेत कळसा अन् गावाला वळसा झालाच, तर ‘किल्ली, किल्ली’ असं पुटपुटत शोधा. हसू नका! गॅरी लुप्यान आणि डॅनियल स्विंगली या मानसशास्त्रज्ञांच्या 2012 सालच्या प्रयोगांत, ओळखीच्या वस्तूचं नाव उच्चारत शोधणाऱ्यांना ती लवकर सापडली. नाव घेतलं, की तिचं रूप मनात ठसठशीत होतं आणि नजर तेच टिपते.

किल्ली कुठे ठेवली हे विसरणं कोणत्याही वयात होतं. ती कशासाठी असते हेच कळेनासं झालं, किंवा रोजचा रस्ता चुकू लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.