पोफळीची वीज आणि रात्रीचे दारे
(सभासद शिक्षण : घरातील 13 ते 18 वर्षांच्या मुलामुलींसाठी आरोग्याचा पाठ)



या पानावर आपण एरवी लागण, खते, पाणी आणि खोडव्याचे पाठ देत असतो. या खेपेचा पाठ उसाचा नाही, उसात वावरणाऱ्या पोरांचा आहे. शाळा सुटली की दप्तर टाकून मळ्यात येणारा, सुट्टीत मोटार चालू करायला जाणारा, रात्री बापाबरोबर दारे धरणारा जो मुलगा आपल्या घरात आहे, त्याच्या हाती हा अंक द्यावा. मुलीच्याही हाती द्यावा. वैरणीला आणि भांगलणीला ती जातेच. आणि एकदा तरी मोठ्याने वाचून घ्यावा, म्हणजे तो आपल्याही कानावर पडेल.

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या वाटेला लागले की पोफळी लागते. आपल्यातले बरेच सभासद या वाटेने गेले असतील, पण तिथल्या डोंगराच्या पोटात वीजघर आहे हे रस्त्यावरून कळत नाही. कोयनेचे पाणी बोगद्यातून तिथे पडते आणि पहिल्या व दुसऱ्या टप्प्याचे आठ संच मिळून 600 मेगावॉट वीज होते. हे काम 1962 साली सुरू झाले. पुढे अलोरे व इतर टप्पे धरून कोयनेची एकूण क्षमता 1960 मेगावॉट झाली. पाणी मात्र परत येत नाही, ते वाशिष्ठीने समुद्राला जाते. पश्चिमेकडे वर्षाला 67.5 अब्ज घनफूट पाणी वळवण्याची मुभा कृष्णा लवादाने दिली, त्यावर आपल्या वार्षिक सभेत कोण काय बोलते ते सर्वांना ठाऊक आहे. तो विषय आज नको. आज एवढेच पाहायचे की डोंगरापलीकडची ती वीज आपल्या विहिरीवर रात्री बाराला येते तेव्हा पायात काय असते, हातात काय असते आणि बांधावर कोण असते.

बांधावर पोरगा असतो, पायात चप्पलही नसते, आणि पाचटात उंदीर असतो. उंदीर आहे तिथे साप येणारच.

आम्ही आधी आमचीच चूक सांगतो. आमच्या शिवारात एका शाळकरी मुलाला रात्री घोणस चावली. आम्ही तिथेच होतो. आम्ही काय केले? पायजम्याची नाडी काढली आणि गुडघ्याखाली करकचून आवळली. वर आणखी शहाणपणा म्हणून दुसरी गाठ मारली. त्यानंतर कोणी म्हणाले देवळात नेऊ, कोणी म्हणाले अमक्या गावी उतारा देणारा आहे. यात दीड तास गेला. दवाखान्यात पोचलो तेव्हा पाय काळानिळा पडला होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि ते आम्हाला काय बोलले ते इथे छापण्यासारखे नाही. मुलगा वाचला. पण पोटरीचे मांस सडले, दोन वेळा शस्त्रक्रिया झाली आणि शाळेचे एक वर्ष गेले. विषाने किती नासले आणि आमच्या नाडीने किती, याचा हिशेब कोणी मांडला नाही. मांडायची आमची हिंमतही नव्हती.

म्हणून मुलांनो, पहिली गोष्ट पक्की करा. दोरी, नाडी, रुमाल, काहीही आवळायचे नाही. ब्लेडने चिरा द्यायच्या नाहीत, तोंडाने विष ओढायचे नाही, बर्फ लावायचा नाही, मिरची किंवा कडुनिंब खायला देऊन चव कळते का ते पाहत बसायचे नाही. चावलेल्या माणसाला धीर द्या, आडवा करा, पळू देऊ नका, चालूही देऊ नका. चालल्याने स्नायू हलतात आणि विष वर सरकते. हात-पाय मोडल्यावर बांधतो तशी काठी किंवा फळी सैलसर बांधून तो भाग स्थिर ठेवा. अंगठी, कडे, पैंजण, जोडवी, बांगड्या आणि पायातला काळा दोरा लगेच काढा. सूज चढली की ते कापावे लागतात. घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवा आणि 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका 2014 पासून आपल्या राज्यात आहे, पैसे पडत नाहीत. गाडी यायला वेळ असेल तर मोटारसायकलवर चालवणारा पुढे, चावलेला मधे आणि धरणारा मागे, असे तिघे बसून निघा. कायद्यात हे बसत नाही हे आम्हाला माहीत आहे. त्या रात्री बसवा.

साप मारून नेण्याच्या भानगडीत पडू नका. पुष्कळदा दुसरा माणूस त्याच नादात चावून घेतो. आपल्याकडे माणसे मारणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चौघांवर मिळून प्रतिविष एकच आहे. ते घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तापासून तयार करतात. मुंबईतल्या परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. पण ते घरी किंवा बांधावर टोचायचे औषध नव्हे. काहींना त्याचीच उलटी प्रतिक्रिया येते, म्हणून ते दवाखान्यातच घ्यायचे. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. पोराला प्रतिविष मोठ्या माणसाइतकेच लागते, कारण सापाने पोर म्हणून विष कमी सोडलेले नसते.

लक्षणे दोन तऱ्हेची. नाग आणि मण्यार नसांवर घाला घालतात : पापण्या जड होतात, डोळे उघडत नाहीत, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. मण्यार फार लबाड. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज नाही, पहाटे पोट दुखते म्हणून पोरगे उठते आणि घरचे ओवा देतात. जमिनीवर झोपलेले मूल पहाटे पोटदुखीने उठले आणि त्याच्या पापण्या पडत असतील, तर ओवा ठेवा आणि गाडी काढा. घोणस आणि फुरसे रक्त बिघडवतात : चावल्या जागी सूज व आग, हिरड्यांतून रक्त, लघवी लाल, पुढे मूत्रपिंड बंद. दवाखान्यात थोडे रक्त काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर रक्ताला विष लागले असे समजतात. इतकी साधी परीक्षा आहे, तिला यंत्र लागत नाही.

फुरसे म्हणजे पोफळीच्या बाजूचे, सगळ्या रत्नागिरी जिल्ह्याचेच जुने दुखणे. इंग्रजी अमदानीत तिथे फुरसे मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. बक्षिसे वाटली म्हणून फुरशी संपली नाहीत. आजही ती कोकणच्या कातळावर आहेत. आपल्या देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सापाने सुमारे बारा लाख माणसे मेली असा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. यातली बहुतेक खेड्यातली आहेत. हे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणायचे असा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने 2024 मध्ये जाहीर केला. आराखडा दिल्लीत झाला, बॅटरी मात्र आपण घ्यायची. रात्री दाऱ्यावर जाताना बॅटरी, हातात काठी आणि पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट, याखेरीज पोराला मळ्यात पाठवू नये. मोटारीच्या पेटीत हात घालण्याआधी उजेड पाडावा. उबेला साप तिथेही बसतो.

आता विंचू. याची हकीगत कोकणातलीच आहे आणि आपल्या पोरांनी ती जरूर ऐकावी. जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा एक मुलगा, डॉ. हिंमतराव बावस्कर, 1976 साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे, लहान पोरे, त्यांच्या डोळ्यांदेखत मरत. त्या काळी शंभरात तीसच्या आसपास दगावत. डॉक्टर रात्र रात्र रुग्णाच्या खाटेशी बसले, नाडी, रक्तदाब, घाम सगळे टिपून ठेवले. तेव्हा ध्यानात आले की हे विष हृदयाला खाते आणि फुप्फुसात पाणी भरते. त्यांचे निरीक्षण 1982 साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढे रक्तदाबावरच्या प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीने ही माणसे वाचतात हे त्यांनी दाखवले. तो लेख 1986 चा. मृत्यू शंभरात एक-दोनवर आले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा या कामात वाटा आहे. विंचवाची लस आणि गोळी एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो हे दोघांनी 2011 साली सत्तर रुग्णांच्या अभ्यासातून मांडले. बावस्करांना 2022 साली पद्मश्री मिळाली. मोठी प्रयोगशाळा नव्हती, होते ते एक खेड्यातले आरोग्य केंद्र आणि वही.

आपण काय शिकायचे? ठणक्यावरून धोका ठरत नाही. मोठा काळा विंचू, ज्याला आपण इंगळी म्हणतो, तो चावला की माणूस बोंब मारतो, पण सहसा मरत नाही. लाल विंचू अंगाने लहान, पण घातकी तोच. चावल्यावर ओकारी, दरदरून घाम, तोंडाला लाळ, हातपाय गार, मुलग्यांच्या लिंगाला ताठरपणा, यातले काहीही दिसले तर धावपळ करा. हे शेवटचे लक्षण पोरे लाजेने सांगत नाहीत आणि बाप विचारत नाही. विचारावे. दम लागला, खोकल्यातून गुलाबी फेस आला तर वेळ फारच थोडा उरलेला असतो. गोळी आपल्या मनाने द्यायची नाही, रक्तदाब बघून डॉक्टरच देतील.

विजेचा धक्का बसलेल्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या बांबूने तार बाजूला करा. ओला ऊस चालणार नाही. तार उच्चदाबाची असेल तर जवळही जाऊ नका, वीज कार्यालयाला फोन करा. माणूस सुटल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोराने दाबा, मोठ्या माणसाची छाती सुमारे पाच सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. तीस दाबांनंतर दोनदा तोंडाने श्वास. विहिरीतून काढलेल्यालाही हेच; पोट दाबून पाणी काढत बसू नका. वाचून हे हातात येत नाही. शाळेने आरोग्य केंद्रातल्या माणसाला बोलावून उशीवर का होईना, प्रत्येक मुलाकडून करून घ्यावे.

आता जरा लांबची गोष्ट. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांतातल्या इंगम गावी 1933-34 च्या सुमारास ऊसतोड्यांना ताप येऊ लागला, डोळे पिवळे होऊ लागले, माणसे मरू लागली. शोध लागला तेव्हा कारण उंदराचे मूत निघाले. उंदराचे मूत उसावर आणि पाण्यात, आणि तोडणाऱ्याच्या हाताला कोयत्याच्या जखमा. तोड्यांनी मागणी केली की फड आधी जाळा, मग आम्ही तोडतो. त्यासाठी 1935 साली मोठा संप झाला. (जळिताच्या वजनाला कपात लागते तेव्हा आपले सभासद आमच्याशी भांडतात, तिकडे जाळण्यासाठी भांडण झाले.) हाच रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. कोकणात भातलावणीच्या चिखलात आणि पुरानंतर तो डोके वर काढतो. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, तसा पूर ओसरल्यावर चिखल उपसणाऱ्यांना याची भीती सर्वांत जास्त. उंदराखेरीज कुत्र्या-गुरांच्या मुतातूनही तो येतो. म्हणून पायाला चीर असेल तर ती झाकल्याशिवाय साचल्या पाण्यात उतरू नये. जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे, असे झाले तर डॉक्टरांना 'मी उसात पाणी पाजत होतो' हे आपणहून सांगावे. ते विचारतीलच असे नाही, आणि हे न सांगितल्यास मलेरियाच्या गोळ्यांत चार दिवस जातात.

बाकीचे थोडक्यात. कोयत्याने कापले तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे घट्ट दाबून धरा. चहापूड, तंबाखू, डिझेल लावू नका. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारतर्फे असते, चुकली असल्यास घ्या. कुत्रे चावले तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, त्याच दिवशी पहिली सुई, आणि पुढच्या सुया चुकवायच्या नाहीत. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खिडकीतून टाकतात, असे शिक्षक सांगतात. ती जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते.

आणि पोफळ. कोकणात पोफळ म्हणजे सुपारी. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण नुसती सुपारी निर्धोक असे आपण समजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखू नसलेल्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले आहे. तिने गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासे होते. मुलाला आरशासमोर उभे करा आणि त्याची तीन बोटे उभी तोंडात जातात का ते पाहा. जात नसतील तर दातांच्या डॉक्टरांकडे न्या.

गट कार्यालयात आमच्या चिटबॉयकडे एक जाड कागद ठेवला आहे. त्यावर 108, आपल्या आरोग्य केंद्राचा फोन आणि प्रतिविष असलेल्या सर्वांत जवळच्या दवाखान्याचे नाव लिहायला जागा सोडली आहे. सभासदाने तो नेऊन मोटारीच्या पेटीच्या दारावर आतून चिकटवावा. लिहिण्याचे काम मुलाला द्यावे, आणि त्याआधी त्यानेच दवाखान्यात फोन करून प्रतिविष शिल्लक आहे का, हे विचारून घ्यावे.