स्वस्त राउटर बिट: भाव नगाचा नको, शीटचा काढा

लकडगंजात लाकूड घेताना आपण चार ठिकाणी भाव विचारतो. राउटरचा बिट घेताना मात्र "ऑफर आहे" म्हटलं की लगेच पैसे काढतो. नफा इथेच गळतो.

समजा, 250 रुपयांचा बिट प्लायवूडच्या 5 शीट कापून बोथट झाला. शीटमागे 50 रुपये गेले. 900 रुपयांचा सॉलिड कार्बाइड बिट 30 शीट चालला, तर शीटमागे 30 रुपये. हे आकडे उदाहरणाचे. तुमचे तुम्ही वहीत लिहा. बोथट बिटने सनमायकाची कड उडाली, तर तो खर्च वेगळाच.

मग स्वस्त घ्यायचाच नाही का? घ्या की! पण हे तपासून:

1. सॉलिड की टिपवाला? टिपवाल्याचा दांडा स्टीलचा, फक्त धारेला कार्बाइड. सॉलिड बिट अख्खा कार्बाइडचा, म्हणून त्याच मापाच्या स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट जड. हातात तोलून बघा.

2. शँकचं माप. 6 मिमी आणि पाव इंच (6.35 मिमी) एक नाही. 6 मिमीचा बिट पाव इंची कॉलेटमध्ये घट्ट बसत नाही. फिरताना निसटला तर बिटाबरोबर हातही जाईल.

3. धार. कार्बाइड कडक, पण ठिसूळ. भिंगातून बघा, टवका उडालेला असेल तर घेऊ नका.

आधी एकच घ्या. शीट मोजा. हिशोब जमला, की मग डझनाचा भाव करा आणि पक्कं बिल मागा.

आजचा गृहपाठ: तुमच्या सध्याच्या बिटचा शीटमागे खर्च काढा.