देवमाशाचे पर आणि विमानाचे पंख

विमानाच्या पंखाची पुढची कडा गुळगुळीत असावी, हा विमानविद्येतील जुना संकेत होय. त्या कडेवर बर्फाचा पातळ थर साचला तरी उड्डाणास बाधा येते. त्यामुळे अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ फ्रँक फिश यांनी बॉस्टनमधील एका दुकानात देवमाशाची मूर्ती पाहिली, तेव्हा ती त्यांना सदोष वाटली. मूर्तिकाराने पराच्या पुढच्या कडेवर उंचवटे दाखवले होते. पण मूर्तिकाराचे निरीक्षण अचूक होते. हंपबॅक जातीच्या देवमाशाच्या परांवर असे उंचवटे खरोखरच असतात.

हा सस्तन प्राणी १२ ते १५ मीटर लांब आणि सुमारे ३० टन वजनाचा असतो. एवढे अवजड शरीर माशांच्या थव्याभोवती लहानशा वर्तुळात वळवायचे, तर परांना पाण्याच्या प्रवाहाशी मोठा कोन करावा लागतो. विमानाची अडचण नेमकी येथेच आहे. पंखाचा हवेच्या प्रवाहाशी होणारा कोन वाढला, की विमानाला वर उचलणारे बल वाढते. परंतु एका मर्यादेपलीकडे हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागापासून सुटते, ते बल एकाएकी घटते आणि विमान खाली येऊ लागते. या अवस्थेला ‘स्टॉल’ म्हणतात. जमिनीलगत ती ओढवली, तर वैमानिकाला सावरण्यास उंचीच उरत नाही.

फिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पराच्या दोन प्रतिकृती वातबोगद्यात तपासल्या. एकीची कडा गुळगुळीत होती, तर दुसरीच्या कडेवर उंचवटे होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिलीचा स्टॉल सुमारे १२ अंशांवर, तर दुसरीचा १६ अंशांच्या पुढे झाला. उंचवट्यांमुळे प्रवाहात लहान भोवरे निर्माण होतात व ते प्रवाहाला पृष्ठभागाशी धरून ठेवतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

पुढे जर्मनीतील विमान व अवकाश संशोधन संस्थेने एका हेलिकॉप्टरच्या पात्यांवर १८६ रबरी चकत्या चिकटवून उड्डाणे केली. प्रत्येक चकतीचा व्यास अवघा ६ मिलिमीटर! तरीही पात्यांच्या वर्तनातील फरक वैमानिकांना जाणवला.

प्रवासी विमानांच्या पंखांवर मात्र हे उंचवटे रूढ झालेले नाहीत. अन्य काही चाचण्यांत स्टॉल एकदम न येता हळूहळू आला, हे खरे. पण त्याआधीच्या कोनांवर उचलणारे बल गुळगुळीत पंखापेक्षा कमीच भरले. देवमाशाला भक्ष्यासाठी वारंवार वळावे लागते. प्रवासी विमान बहुतेक वेळ सरळच जाते.