शब्द न उच्चारता म्हटलेलं स्तोत्र

जॅझवर लेख लिहायचा म्हणजे लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन, चार्ली पार्कर, माइल्स डेव्हिस अशी नावांची माळ ओवता येते. तशी माळ कुठेही मिळेल. आपलं मंडळ साहित्याचं, म्हणून मी एकच रेकॉर्ड निवडली आहे, आणि तिच्यातलीही मुख्यतः शेवटची सात मिनिटं. त्या सात मिनिटांत एक कविता आहे. ती कुणी गात नाही, कुणी तोंडाने म्हणतही नाही. ती सॅक्सोफोनवर वाचलेली आहे.

रेकॉर्डचं नाव ‘अ लव्ह सुप्रीम’. ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत जॉन कोल्ट्रेन (टेनर सॅक्सोफोन), मॅकॉय टायनर (पियानो), जिमी गॅरिसन (बेस) आणि एल्विन जोन्स (ड्रम) या चौघांनी ती वाजवली. पुढच्या वर्षी ती बाजारात आली. जेमतेम तेहेतीस मिनिटांची, चार भागांची: ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट’, ‘रिझोल्यूशन’, ‘पर्स्युअन्स’ आणि ‘साम’. शेवटचं नाव म्हणजे इंग्रजी बायबलमधला स्तोत्रासाठीचा शब्द. त्यातले दोन वर्ण मुके, म्हणून उच्चार ‘साम’. सामवेदातल्या सामाशी त्याचं काही नातं नाही, तो ग्रीकमधून आलेला आहे. पण योगायोग मला तरी आवडला.

माणसाबद्दल थोडं सांगायलाच हवं. कोल्ट्रेन १९२६ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात जन्मला. आईचे वडील आणि वडिलांचे वडील, दोघेही चर्चचे पाळक. तो आईकडच्या आजोबांच्या घरात वाढला, आणि बारा वर्षांचा असताना हे आजोबा आणि वडील थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. पुढे माइल्स डेव्हिसच्या वाद्यवृंदात नाव झालं, पण हेरॉइनच्या व्यसनापायी १९५७ मध्ये डेव्हिसने त्याला काढून टाकलं. त्याच वर्षी त्याने व्यसन सोडलं. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याने श्रोत्यांना एक पत्र लिहिलं आहे. त्यात तो सांगतो की १९५७ मध्ये देवकृपेने त्याला आध्यात्मिक जाग आली आणि ही रेकॉर्ड म्हणजे त्या देवाला वाहिलेली नम्र भेट आहे. पत्रासोबत त्याची स्वतःची एक लांब प्रार्थना-कविता छापली आहे. चौथा भाग हे या कवितेचं संगीतातलं कथन आहे, हेही तिथेच लिहिलंय.

म्हणजे गुपित असं काही नव्हतं. तरी रेकॉर्ड निघाल्यावर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, लुईस पोर्टर या अभ्यासकाने आपल्या लेखात स्वर आणि शब्द शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा ‘कथन’ हा शब्द किती अक्षरशः घ्यायचा ते कळलं. कवितेच्या एकेका अक्षराला सॅक्सोफोनचा एकेक स्वर. ओळ संपते तिथे फुंक थांबते.

आता मुद्द्याचं. कवितेला चाल लावणं वेगळं आणि कविता पठण करणं वेगळं. चाल लावली की शब्द तालाच्या ताब्यात जातो. एखादं ऱ्हस्व अक्षर चार मात्रा ताणलं जातं, समेवर यायचं म्हणून एखादा शब्द घाईने उरकला जातो. पठणात उलटं होतं. किती थांबायचं, कुठे आवाज चढवायचा हे वाक्य ठरवतं, आणि सुराने त्याच्या मागून जायचं. आपल्या मिस्सेत प्रतिसाद स्तोत्र गातात तेव्हा नीट ऐका. गाणारा ओळीचा बराचसा भाग एकाच स्वरावर म्हणत जातो आणि शेवटच्या दोन-तीन अक्षरांवर खाली उतरतो. ओळ लांब असो की आखूड, साचा तोच.

‘साम’मध्ये कोल्ट्रेन जवळजवळ हेच करतो. सूर वर चढतो, एका स्वरावर टेकून शब्द म्हणतो, मग ओळीच्या शेवटी षड्जाकडे उतरतो. (पाश्चात्त्य संगीतात षड्ज म्हणत नाहीत, पण आपल्याला असंच पटकन समजतं.) कवितेत देवाचे आभार मानणारं एक छोटं वाक्य पुन्हा पुन्हा येतं, आणि ते आलं की उतरण ओळखीची वाटते. पण हे आपल्या चर्चमधल्यासारखं शांत, सपाट पठण नाही. त्यात कृष्णवर्णीय पाळकांचं प्रवचन आहे: बोलता बोलता गाण्याच्या काठावर पोचणारं, मध्येच कळवळणारं. ज्या घरात तो वाढला तिथे हा आवाज कानावर पडलेलाच असणार.

बाकीचे तिघे इथे काय करतात तेही ऐकण्यासारखं आहे. ठेका नाहीच. आधीच्या तीन भागांत ज्याच्या हातांना उसंत नव्हती तो एल्विन जोन्स इथे टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, घुमवतो आणि झांजेची सळसळ करतो. टायनर मोजकेच सूर सोडतो. वाचणाऱ्याला कुणी घाई करत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: कागद हातात नसेल तर यातली कविता कुणाला कळणार? मला वाटतं, याचं उत्तर पहिल्या भागात आहे. सुरुवातीला गॅरिसन बेसवर चार स्वरांचा एक तुकडा धरतो. पुढे कोल्ट्रेन तोच तुकडा बाराही पट्ट्यांमधून फिरवतो. आपण ती नुसती धून समजून ऐकत असतो. मग अचानक माणसाचा आवाज येतो आणि त्याच चार स्वरांवर रेकॉर्डचं नाव जपासारखं म्हणायला लागतो: अ-लव्ह-सु-प्रीम, अक्षरं चार. इतका वेळ जे वाजत होतं ते शब्दच होते, हे तेव्हा उलगडतं. पहिला भाग आपल्या कानांना चौथ्या भागाची तालीम देतो, असं माझं वाचन आहे. तुम्हाला पटलं नाही तर मंडळात बोलूच.

ऐकायचं कसं? आधी कागदाशिवाय, चारही भाग सलग, इअरफोन लावून. ‘पर्स्युअन्स’ संपताना गॅरिसन एकटाच बेस वाजवतो, त्याच्या पाठोपाठ ‘साम’ सुरू होतं, मध्ये खंड नाही. दुसऱ्या वेळी कविता समोर घ्या आणि बोट ठेवून वाचा. चारपाच ओळींत बोट नक्की चुकेल. चुकलं तर पुढच्या आभाराच्या वाक्याशी थांबा, सॅक्सोफोन तिथे येतोच. मग कविता बाजूला ठेवून तिसऱ्यांदा ऐका. माझ्या बाबतीत तिसऱ्या वेळी काही ओळी शब्दांसकट ऐकू आल्या, काही पुन्हा नुसता सूर झाल्या, आणि कुठल्या जास्त आवडल्या ते अजून ठरवता येत नाही.

एक गोष्ट मात्र कविता समोर असूनही कळणार नाही. कोल्ट्रेनने या रचनेचा आराखडा हाताने लिहून ठेवला होता. शेवटचा स्वरमेळ ‘अलाबामा’च्या शेवटासारखा वाजला पाहिजे, अशी नोंद त्यात आहे. ‘अलाबामा’ ही त्याचीच १९६३ च्या नोव्हेंबरमधली रचना. त्याआधी दोन महिने, १५ सप्टेंबरच्या रविवारी सकाळी, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात वर्णद्वेष्ट्यांनी कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्ये बॉम्ब लावला. चार मुली मेल्या, तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. आभाराची ही प्रार्थना त्याने त्या स्वरमेळावर नेऊन संपवली.