हुंडीवरील नाव आणि आभासी चलनाचा नवा नियम

‘क्रिप्टो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आभासी चलनाशी आपल्या दुकानदारीचा काय संबंध, असा प्रश्न शीर्षक पाहून पुष्कळ सभासद बंधूंच्या मनात येईल. मोहगाव-सौंसरचा व्यापार संत्रे, कापूस, धान्य, किराणा व कापड यांचा. आपली मोठी बाजारपेठ नागपूर. तथापि ज्या घरात आजोबा अजूनही दिवाळीस वहीपूजन करतात, त्याच घरात नातू मोबाईलवर ‘यूएसडीटी’ची खरेदी-विक्री करीत असतो, ही गोष्ट आता गुप्त राहिलेली नाही. आणि ज्याने आभासी चलनास कधी हातही लावला नाही अशा व्यापाऱ्याचे बँकखाते त्या चलनाच्या पायी गोठू शकते, हे तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. यास्तव या विषयाचा थोडा अभ्यास करून तो सभासदांपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आभासी चलनाचा प्रत्येक व्यवहार एका सार्वजनिक वहीत नोंदला जातो. ती वही जगातील कोणासही वाचता येते; किती नाणी, केव्हा, कोठून कोठे गेली हे सारे तीत उघड असते. फक्त नावाच्या जागी नाव नसते. तेथे अक्षरे व अंक यांची एक लांबलचक माळ असते व तिला ‘वॉलेटचा पत्ता’ म्हणतात. जमाखर्च चोख, बेरीज बिनचूक, परंतु खातेदार कोण ते कळत नाही, अशी ही विलक्षण वही आहे. आपल्या मुनीमाने अशी वही लिहिली असती तर त्यास त्याच दिवशी रजा मिळाली असती.

ही उणीव भरून काढण्यासाठी जो नियम झाला त्यास ‘ट्रॅव्हल रूल’ म्हणतात; आपण त्यास सहप्रवासाचा नियम म्हणू. ग्राहकाच्या वतीने आभासी चलन पाठविणाऱ्या पेढीने पाठविणाऱ्याचे नाव, त्याच्या वॉलेटचा पत्ता, त्याची ओळख पटविणारा क्रमांक अथवा राहण्याचा पत्ता, तसेच घेणाऱ्याचे नाव व त्याच्या वॉलेटचा पत्ता, ही माहिती समोरच्या पेढीस कळवावी, असा तो नियम आहे. रक्कम जाईल तेथे नावानेही गेले पाहिजे. ही माहिती त्या सार्वजनिक वहीत लिहिली जात नाही. दोन पेढ्यांमध्ये ती निराळ्या, बंदिस्त मार्गाने जाते. घेणाऱ्या पेढीने आपल्या ग्राहकाचे नाव तिच्याशी ताडून पाहावयाचे, संशय आल्यास रक्कम थांबवून सरकारास कळवावयाचे, व दोन्ही पेढ्यांनी कागदपत्र जपून ठेवावयाचे.

आता वडीलधाऱ्या सभासदांनी आपल्या पेढीवरील जुन्या हुंड्या आठवाव्यात. हुंडीत काय काय लिहिलेले असे? लिहिणाऱ्या पेढीचे गाव व नाव, ज्याच्यावर हुंडी केली त्याचे गाव व नाव, ज्याचे रुपये येथे ‘राखले’ त्याचे नाव, रक्कम, पुन्हा त्या रकमेचे अर्धे सांगून त्याचे दुप्पट असा खुलासा, मग मुदत व मिती. कागद एवढासा, पण त्यात एकही माणूस निनावी नसे. दर्शनी असो वा मुदती, हुंडणावळ घेऊन आपले पूर्वज शेकडो कोसांवर रुपये पोहोचवीत, ते या नावांच्या बळावर.

त्यातही शाहजोग हुंडीची रीत आजच्या नियमाच्या अगदी जवळची आहे. शाहजोग हुंडीचे रुपये वाटेल त्याच्या हाती द्यावयाचे नसत. ते ‘शहा’स, म्हणजे बाजारात ज्याची पत व ओळख आहे अशा गृहस्थासच द्यावयाचे. परका मनुष्य हुंडी घेऊन आला तर त्यास आधी गावातील एखाद्या प्रतिष्ठित पेढीकडे जावे लागे, आणि ती पेढी आपल्या नावाने हुंडी पुढे करी. पुढे हुंडी खोटी निघाली, तर रुपये व्याजासह परत करण्याची जोखीम त्या शहावर येई. म्हणून शहा प्रथम माणूस पारखी, मग कागद पाही. हुंडी वटल्यावर तिचा ‘खोका’ जपून ठेवीत. हरवली तर ‘पेठ’ व तीही हरवली तर ‘परपेठ’ लिहून देत. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही, यावरून त्या रूढींचे वजन ध्यानी येईल. आज नोंदणीकृत क्रिप्टो एक्सचेंजवर जे काम सोपविले आहे, ते या शहाचेच काम होय.

जुन्याचा वृथा गौरव करणे मात्र आम्हांस मान्य नाही. आणील त्यास रुपये द्यावे अशीही हुंडी होती. आणि कागदाऐवजी नोटेच्या क्रमांकावर लाखोंची रक्कम हातोहात फिरविणारा हवालाही याच बाजारपेठांत वाढला. शिवाय हुंडीवरील नाव हे व्यवहारातील माणसांच्या संरक्षणासाठी होते, सरकारच्या माहितीसाठी नव्हते. हा भेद लहान नाही.

या नियमाचे मूळ बँकांच्या तारेने होणाऱ्या रकमांत आहे. १९८९ साली पॅरिस येथे सात श्रीमंत राष्ट्रांच्या परिषदेत फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स ही संस्था निघाली. २००१ च्या सप्टेंबरात अमेरिकेवर हल्ला झाल्यानंतर लगेच ऑक्टोबरात तिने अशी शिफारस केली, की बँकेतून परदेशी जाणाऱ्या रकमेसोबत पाठविणाऱ्याची ओळख गेली पाहिजे. ती आज तिची सोळावी शिफारस म्हणून ओळखली जाते, आणि जून २०१९ मध्ये तीच आभासी चलनाच्या पेढ्यांना लागू करण्यात आली. भारत २०१० पासून या संस्थेचा सभासद आहे.

तत्पूर्वीच्या काळात काय घडले, याचे उदाहरण मराठी मुलखातच आहे. ‘गेन बिटकॉइन’ नावाच्या योजनेत दरमहा दहा टक्के परतावा मिळेल असे सांगून लोकांकडून बिटकॉइन गोळा करण्यात आले. २०१८ साली पुण्यात पोलिसांत गुन्हे दाखल झाले. पुढे प्रकरण अंमलबजावणी संचालनालयाकडे व नंतर सीबीआयकडे गेले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्येही देशभर झडत्या चालूच होत्या. दरमहा दहा टक्के हा आकडा ऐकताच कोणत्याही जुन्या सावकाराने पागोटे सावरून वाट धरली असती. पण तो मुद्दा निराळा. आपल्या विषयापुरती गोष्ट इतकीच, की ती नाणी फिरत होती तेव्हा भारतातील आभासी चलनाच्या पेढ्यांवर नाव कळविण्याचे हे बंधन नव्हते.

ते बंधन ७ मार्च २०२३ रोजी आले. त्या दिवशीच्या अधिसूचनेने केंद्रीय अर्थमंत्रालयाने आभासी मालमत्तेची अदलाबदल करणाऱ्या, ती पाठविणाऱ्या व सांभाळणाऱ्या पेढ्यांना २००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणले. त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट या सरकारी विभागाकडे नोंदणी करणे, ग्राहकाची ओळख तपासणे, संशयास्पद व्यवहार कळविणे व कागदपत्र पाच वर्षे जपणे भाग पडले. सहप्रवासाचा नियमही याच चौकटीत आला. पेढी परदेशातील असली तरी तिने भारतातील ग्राहकांस सेवा दिली की ती सुटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अशा नऊ परदेशी पेढ्यांना नोटिसा गेल्या. बायनान्स या जगड्व्याळ पेढीस जून २०२४ मध्ये सुमारे १८ कोटी ८२ लाख, व बायबिटला जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ९ कोटी २७ लाख रुपयांचा दंड झाला. नोंदणी म्हणजे सरकारने दिलेली हमी मात्र नव्हे. जुलै २०२४ मध्ये मुंबईत उदयास आलेल्या वझीरएक्स या नोंदणीकृत एक्सचेंजमधून सुमारे तेवीस कोटी डॉलरची आभासी मालमत्ता चोरीस गेली. नाव कळविण्याच्या नियमाने तिजोरीचे कुलूप मजबूत होत नाही.

आता आमच्या बाजाराकडे वळू. असे समजा, की मोहगावच्या एका संत्रा व्यापाऱ्याने दूरच्या ग्राहकास चार ट्रक माल पाठविला. ग्राहक म्हणाला, “शेठजी, रक्कम माझा मित्र टाकील.” तीन अनोळखी खात्यांतून पैसे आले, व्यापारी संतुष्ट झाला. महिन्याभराने त्याचे खाते गोठले. चौकशी केली तेव्हा कळले, की ते पैसे कोणा दूरच्या वृद्ध गृहस्थास फसवून काढलेले होते. त्याने १९३० या क्रमांकावर तक्रार केली, आणि पोलीस ज्या ज्या खात्यांतून पैसा गेला त्या त्या खात्यांवर थांबा लावीत आले. अधले दुवे आभासी चलनाचे होते: ठकाने चोरीच्या रुपयांत कोणाकडून यूएसडीटी घेतले होते, आणि त्या विकणाऱ्याने आलेल्या रुपयांत आपल्या संत्र्यांचे देणे भागविले होते. हा यूएसडीटी विकणारा, मोबाईलवरील समूहात गिऱ्हाईक शोधून थेट विक्री करणारा, आपल्याच घरचा मुलगाही असू शकतो. दोन दमड्या जास्त दर मिळतो म्हणून तो नोंदणीकृत पेढी टाळतो; ज्या खात्यातून रुपये आले त्यावरील नाव आणि समोरच्या गिऱ्हाइकाचे नाव एक आहे काय, हेही तो पाहत नाही.

आपल्या धर्मात या दोषाचे नाव फार पूर्वी ठेवलेले आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’ येतो, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे. आणि ‘विरुद्धराज्यातिक्रम’ही येतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हे सारे आहे. चोरी स्वतः केली नाही, एवढ्याने श्रावक व्यापारी मोकळा होत नाही.

नियमास अडचणी आहेत व त्या सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी, की सर्व देशांत तो एकाच वेळी सुरू झाला नाही. एका देशातील पेढी नाव विचारते, दुसरीकडे सांगणारा कोणी नसतो. याला त्या क्षेत्रातील मंडळी ‘सूर्योदयाचा प्रश्न’ म्हणतात, कारण सूर्य एके ठिकाणी उगवला तरी दुसरीकडे रात्रच असते. सौंसर-पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्यास हे समजावून सांगावयास नको. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपण मध्यप्रदेशात राहिलो आणि नागपूर पलीकडे गेले. तेव्हापासून बाजार एक व कायदे दोन, हा अनुभव आपल्या अंगवळणी पडला आहे. दुसरी अडचण स्वतःच्या ताब्यातील वॉलेटची. नाणी पेढीत न ठेवता कोणी आपल्याच यंत्रात ठेवली, तर समोर माहिती घेणारी पेढीच नसते. युरोपीय संघाने ३० डिसेंबर २०२४ पासून अशा वेळी हजार युरोंवरील रकमेस ते वॉलेट खरोखर ग्राहकाचेच आहे याची खात्री करून घेणे सक्तीचे केले आहे. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक खुपते. इतक्या माणसांची नावे, पत्ते व ओळखक्रमांक पेढ्यापेढ्यांतून फिरू लागले, तर ती माहितीच चोरांस सोन्याहून मोलाची होते. शहाच्या बैठकीतील गुप्तता त्या पेढ्या पाळतील काय, याविषयी आमचे मन अद्याप निःशंक नाही. तरीही निनावी रकमेपेक्षा नाव असलेली रक्कम बरी, असे आमचे मत आहे.

व्यवहारात काय करावे? आभासी चलनाचा व्यवहार करावा की न करावा हे ज्याने त्याने ठरवावे. २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आहे, आणि तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. करावयाचाच असेल तर फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेल्या पेढीतूनच करावा. पेढीने रक्कम कोणास व कशासाठी असे विचारले तर चिडू नये. ‘घरचेच खाते आहे’ असे खोटे भरून देऊ नये, कारण ती माहिती पुढच्या पेढीत ताडली जाते. मालाची रक्कम ज्याच्या नावे बिल केले त्याच्याच खात्यातून यावी, असा आग्रह धरावा. मित्राचे, मेहुण्याचे, चालकाचे खाते पुढे केले तर रक्कम परत करून नीट मागवावी. हंगामात हे जड जाते, ग्राहक रुसतो, हे आम्ही जाणतो. निर्यातीचे पैसे बँकेमार्फतच आले पाहिजेत. तेथे यूएसडीटीचा मोह नको.

आणि इतके करूनही खाते गोठलेच, तर घाबरून दलालाकडे धावू नये. कोणत्या तक्रारीमुळे व किती रकमेवर थांबा आहे, ते बँकेकडून लेखी घ्यावे. मग जीएसटीचे बिल, ई-वे बिल, ट्रकची बिल्टी, ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार व आपल्या वहीतील त्या मितीची नोंद घेऊन संबंधित पोलीस ठाण्याकडे व बँकेकडे अर्ज करावा. बिल्टी व नोंद यांच्या तारखा जुळतात की नाही, हे अर्ज देण्यापूर्वी घरीच एकदा तपासून पाहावे.